जुन्या बेळगावातली गल्ली जलरंगात, मोकळ्या ब्रशने: रेखाटन, सावली, कौलं, पाट्या

कौलारू

खडेबाजार, गणपत गल्ली, रामलिंगखिंड गल्ली, शहापुरातल्या जुन्या पेठा. इथल्या माडीच्या घरांची चित्रं या व्यासपीठावर बरीच येतात आणि त्यांत एक चूक सारखी दिसते. रंग छान वाहिलेला असतो, ब्रश मोकळा फिरलेला असतो, पण घर उभं राहत नाही. मागे कलंडल्यासारखं वाटतं. तो दोष ब्रशचा नाही. कौलांच्या कडेचा कोन चुकलेला असतो. मोकळेपणा शेवटच्या थरात असावा, रेखाटनात नव्हे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आधी रेखाटनाबद्दल लिहितो. रंग, सावली आणि माणसं यांवर जाणकारांनी भर घालावी.

कागद पाव इंपीरियल, म्हणजे साधारण २८ × ३८ सेंमी, ३०० जीएसएम वजनाचा, कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत), शक्यतो पूर्ण सुती. २०० जीएसएमचा कागद पहिल्याच वॉशला (पातळ रंगाच्या पसरट थराला) फुगतो आणि खळग्यात रंग साचतो. ६ मिमी प्लायवर चारही बाजूंनी टेप. पेन्सिल २बी. कडक पेन्सिल कागदावर चर पाडते आणि नंतर रंग त्या चरात बसतो.

सुरुवात डोळ्याच्या पातळीच्या रेषेने. उभं राहून काढत असाल तर सपाट रस्त्यावरच्या सगळ्या उभ्या माणसांचे डोळे त्या एकाच रेषेवर येतात, मग माणूस जवळ असो की लांब. पण बहुतेक जण स्टुलावर किंवा कट्ट्यावर बसून काढतात. तेव्हा डोळा जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतो आणि ती रेषा उभ्या माणसाच्या छातीतून जाते. बसून काढलेल्या चित्रात डोकी रेषेवर टेकवली की माणसं बुटकी आणि घरं अवाढव्य होतात.

आता कौलांची कड. ब्रशचा दांडा हात ताठ करून डोळ्यासमोर धरा, कडेला समांतर करा आणि तो कोन न बदलता कागदावर आणा. मनाला माहीत असतं की कड आडवी आहे, म्हणून हात ती जास्त सपाट काढतो. जवळच्या घराची कड वाटते त्यापेक्षा फार तिरकी असते. कड आणि जोतं या दोन रेषा बरोबर आल्या की मधल्या गॅलऱ्या, खिडक्या, फळ्या आपोआप त्यांच्या मधे बसतात. उंचीसाठी दार हे माप घ्या. जुन्या माडीची कड साधारण तीन दारांच्या उंचीवर येते.

गल्ली चढाची असेल तर रस्त्याच्या कडा डोळ्याच्या रेषेपेक्षा वर जाऊन मिळतात, घरांच्या आडव्या रेषा मात्र डोळ्याच्याच रेषेवर मिळतात. हे दोन बिंदू एक केले की चढ सपाट होतो.

उत्तरायण

उत्तम सुरुवात. उजेडाबद्दल भर घालतो, कारण आपल्या गल्ल्यांत घरापेक्षा घराची सावलीच जास्त रंगवायची असते.

बेळगाव १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ५१ अंशांच्या आसपासच चढतो. पूर्व-पश्चिम गल्लीत दक्षिणेला तोंड असलेली ओळ तेव्हा दिवसभर उन्हात आणि समोरची ओळ दिवसभर सावलीत. कौलं भिंतीपुढे दोन फूट आली असतील तर मध्यान्ही त्यांची सावली भिंतीवर साधारण अडीच फूट खाली उतरते. त्याखाली ऊन लागलेली भिंत उरते. चित्राला हीच वेळ सोयीची.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा वळचणीखालची सगळी भिंत सावलीत जाते, ऊन फक्त कौलांवर आणि रस्त्यावर. भिंतीवर आकार देणारं काही उरत नाही. आणि इथला खरा मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या सुमाराला असतो, बाराला नाही. सकाळी साडेआठ ते दहा आणि दुपारी चार ते साडेपाच या वेळा बाराही महिने भरवशाच्या.

ऊन सरकतं म्हणून सावलीची कड पहिल्या दहा मिनिटांतच पेन्सिलने पक्की करून टाका. नंतर समोर काय दिसतं त्याकडे बघून ती बदलू नका. अर्धी सावली नऊची आणि अर्धी दहाची, असं चित्र कितीही रंगवलं तरी गोंधळलेलंच दिसतं.

जांभा_आणि_चुना

रंगांबद्दल. पॅलेटवर आठ रंगांच्या वर जाऊ नये. अल्ट्रामरीन, सेरुलियन, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, लाइट रेड, एक लिंबू पिवळा, एक कायमस्वरूपी गडद लाल आणि थोडा टायटॅनियम व्हाइट गॉश (अपारदर्शक पांढरा). लाल घेताना ट्यूबवरचा पिगमेंट क्रमांक बघा. पीआर ८३ असेल तर ते खरं अलिझरिन, उजेडात उडतं. बर्न्ट सिएनाचंही तेच: पीबीआर ७ मऊ आणि मातकट असतो. काही कंपन्या त्याच नावाखाली पीआर १०१ देतात, तो जास्त केशरी आणि जोरदार. त्यात अल्ट्रामरीन जास्त घालावं लागतं, नाहीतर सावली तांबूसच राहते.

कौलांत दोन जाती ओळखा. सपाट, एकमेकांत अडकणारी मंगलोरी कौलं आणि अर्धगोल नळीची कौलं. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर मंगलोरी कौल सगळीकडे पसरलं. त्याच्या छपराला उतरत्या सरळ रेघा आणि नेमकी कड असते, म्हणून चपट्या ब्रशने उताराच्या दिशेने ओढलेले फटके शोभतात. नळीच्या कौलांची कड लाटेसारखी आणि छप्पर ठिकठिकाणी दबलेलं. तिथे गोल ब्रश आडवा धरून लहान लहान चंद्रकोरी. एकेक कौल मोजून काढायचं काम नाही. आढं, कड आणि उतारावर तीन-चार जागी खूण केली की बाकीचं छप्पर बघणाऱ्याचा डोळा भरतो.

आणि छप्पर तांबडं असतं ही समजूत सोडा. नवं कौल तांबडं. दहा पावसाळे खाल्लेलं कौल शेवाळाने काळपट-हिरवट होतं, त्यात मधेच बदललेली चार कौलं केशरी चमकतात. ती चार कौलं कोरडी राखून बाकीचा थर द्या, छपराला लगेच वय येतं. उन्हाच्या वेळी छप्पर आभाळाकडे तोंड करून असतं म्हणून भिंतीपेक्षा फिकट दिसतं. ते गडद केलं की घर टोपी घातल्यासारखं दिसतं.

चुन्याच्या भिंतीवरची सावली एका रंगाची नसते. वळचणीजवळ निळसर-करडी (अल्ट्रामरीन आणि थोडा बर्न्ट सिएना), खाली येता येता ऊबदार, कारण रस्त्यावरचं ऊन भिंतीवर परत उडतं. खालच्या फूट-दीड फुटात यलो ऑकर ओल्यातच सोडा. जिथे गिलावा पडून जांभा उघडा पडलाय तिथे लाइट रेडमध्ये किंचित अल्ट्रामरीन, आणि वर कोरड्या ब्रशचा एकच फटका. जांभ्याची भोकं ठिपक्यांनी काढू नका. कागदाचा खरखरीतपणाच ती काढतो.

टिळकवाडी_स्केच

नमस्कार. दोन प्रश्न. सावलीचा मोठा थर सुकताना मधेच फुलकोबीसारखे डाग का पडतात? आणि लाकडी गॅलरीच्या कठड्याचे उभे गज पांढरे राखायला मास्किंग फ्लुइड (रंग बसू न देणारं, नंतर सोलून काढायचं द्रव) वापरावं का?

रिगर_४

ताई, डाग पडतो तो थर अर्धवट सुकलेला असताना त्यापेक्षा जास्त पाणी असलेला ब्रश टेकवल्याने. नवं पाणी आधीच्या रंगाचे कण ढकलत नेतं आणि जिथे थांबतं तिथे कड धरते. कागद तिरका करून बघा. पाणी आरशासारखं चमकतंय तोवर कुठलाही रंग सोडा, तो नीट मिसळतो. चमक जाऊन कागद मंद साटिनसारखा दिसायला लागला की त्यात फक्त ब्रशमधलं पाणी फडक्यावर टिपून, दाट रंगच. चमक पूर्ण गेली पण हाताच्या पाठीला कागद गार लागतोय, तेव्हा हात लावू नका. सगळी नासाडी याच वेळात होते. गारवा गेला की पुन्हा सुरू.

दाटपणा आपल्या स्वयंपाकघराच्या हिशोबात लक्षात ठेवा. आभाळ आणि पहिला थर पातळ ताकासारखा. सावली दुधासारखी. दारं, गॅलरीखालचा अंधार बासुंदीसारखा. आणि शेवटचे दहा-बारा फटके आपल्या कुंद्यासारखे (खव्याच्या घट्ट मिठाईसारखे), ब्रशला चिकटून राहतील असे. ओल्या थरावर जाणारा रंग नेहमी आधीच्यापेक्षा दाट हवा. हा क्रम उलटा झाला की फुलकोबी ठरलेली.

कठड्यासाठी मास्किंग फ्लुइड नको. त्याच्या कडा कापलेल्या दिसतात आणि मोकळ्या चित्रात डोळ्याला टोचतात. आपल्या उन्हात ते कागदावर जास्त वेळ राहिलं तर निघताना कागदाचा थरही ओढतं. गजांवर रंग न देता गजांमधला अंधार रंगवा. पाव इंची चपटा ब्रश, दुधाहून दाट रंग, उभे सुटे फटके. दर फटक्यानंतर थोडी जागा सोडा. गॅलरीत वीस गज असतील तर उजेडाकडच्या टोकाला सहा-सात दाखवा आणि सावलीकडे ते विरून जाऊ द्या. कठड्याच्या वरची आडवी पट्टी मात्र सलग कोरडी राखा, तिच्यावरच गॅलरी तोललेली दिसते.

उत्तरायण

रिगर, सावली दुधासारखी हे अगदी बरोबर. त्यात आणखी एक भर. ती एकसंध हवी. वळचणीखालची सावली, गॅलरीखालचा अंधार, दुकानाचं तोंड, भिंतीवरून रस्त्यावर उतरलेली सावली आणि तिच्यात उभ्या असलेल्या दुचाक्या हा एकच आकार समजा. १२ नंबरचा मॉप ब्रश (जाड, मऊ, भरपूर पाणी धरणारा) भरून वरून सुरू करा, थराच्या खालच्या कडेला साचणारा रंगाचा मणी खाली खाली ओढत आणा आणि वाटेत रंग बदला: वर निळसर, दुकानापाशी तांबूस, रस्त्यावर परत गार. मधे ब्रश उचलून सुकू दिलं की जोड दिसतो. बोर्ड पंधरा ते वीस अंश तिरका असेल तर मणी स्वतःच खाली येतो. हा थर पाव शीटवर सहा-सात मिनिटांचं काम आहे. त्याआधी रंग पॅलेटवर भरपूर कालवून ठेवा, कारण अर्ध्या भिंतीवर रंग संपला तर पुन्हा तीच छटा मिळत नाही.

शाईवाला

एक वेगळं मत मांडतो. घरांचा लाकडी भाग इतका नाजूक आहे की आधी वॉटरप्रूफ पेनने रेखाटून मग रंग सोडणं जास्त सोपं जातं. तुळयांची टोकं, कोरीव खांब, दाराची चौकट हे सगळं नुसत्या ब्रशने नीट येत नाही.

कौलारू

सोपं जातं हे खरं, पण किंमत मोजावी लागते. शाईने सगळ्या कडा सारख्याच ठाम होतात. आपल्या गल्लीत सावलीतली भिंत आणि तिच्या सावलीतलं दार यांची कड दिसतच नाही, ती हरवायलाच हवी. शाईची रेघ ती हरवू देत नाही. मधला मार्ग असा: आधी रंग, पूर्ण सुकल्यावर उन्हातल्या लाकडी भागावर तेवढीच शाई. तीही रेघ अर्ध्यात सोडून. आणि पेन खरंच पिगमेंट शाईचं आहे का, हे समासात रेघ मारून वर पाणी फिरवून तपासा. पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी तपासा.

शाईवाला

नंतर शाई, हे पटतं. लाकडी खांबासाठी आणखी एक सांगतो. उजेडाकडची कड कोरडी, मधे बर्न्ट सिएना, सावलीकडे तो ओला असतानाच अल्ट्रामरीनचा एक थेंब. खांब गोल होतो, तीन फटक्यांत. चौथा मारू नये.

अक्षरखूण

पाट्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. बेळगावच्या बाजाराचं चित्र पाट्यांशिवाय होत नाही, आणि पाटी वाचता येईल इतकी रंगवली की चित्र संपतं, कारण डोळा वाचायला लागतो आणि बघायचं थांबवतो.

म्हणून अक्षरं नकोत, पण लिपीचा चेहरा हवा. देवनागरी पाटी दुरून पाहिली तर वर एक आडवी रेघ आणि तिला लोंबणारे उभे-तिरके फटके, मधेच एखादं टोक रेघेच्या वर. कन्नड पाटीत सलग शिरोरेघ नसते. गोल गोल मण्यांची ओळ आणि मण्यांच्या डोक्यावर तलकट्टूची, म्हणजे कन्नड अक्षराच्या माथ्यावरच्या खुणेची, आकडी. ४ नंबरच्या गोल ब्रशचं टोक दाबून किंचित वळवून उचललं की कन्नडचा मणी उमटतो, रिगरने (लांब, बारीक केसांच्या ब्रशने) आडवी रेघ ओढून खाली तीन-चार लहानमोठे फटके सोडले की देवनागरी. पाटीत सहा-सात खुणा पुष्कळ झाल्या. दोन्ही लिप्या शेजारी आल्या की चित्र आपल्या भागाचं आहे हे नाव न वाचताही कळतं.

पाटीच्या वरच्या-खालच्या कडा घराच्या आडव्या रेषांबरोबर त्याच बिंदूकडे गेल्या पाहिजेत. कौलांची कड तिरकी आणि पाटी सपाट, ही चूक घाईत फार होते. आणि शुद्ध रंग एकाच पाटीला द्या. बाकीच्या पाट्यांत करडा मिसळा, नाहीतर दहा पाट्या दहा दिशांना ओढतात.

खानापूर_रोड

पाट्यांचं सांगितलं ते लाख मोलाचं. तारा आणि माणसांचंही सांगा की ओ कुणीतरी.

रिगर_४

तारा सगळ्यात शेवटी. दिसतात चाळीस, काढा पाच. रिगर भरून, खांद्यातून हात फिरवत, एका दमात. मनगटातून काढली की तार थरथरते. मधे रंग तुटला तर तुटू द्या, जोडायला जाऊ नका. आभाळावर तार गडद दिसते, तीच तार सावलीतल्या भिंतीपुढे आली की फिकट दिसते. म्हणून भिंतीपुढच्या तुकड्यासाठी गॉशमध्ये कणभर यलो ऑकर. नुसता पांढरा गडद रंगावर निळसर, खडूसारखा दिसतो.

माणूस म्हणजे आधी डोकं आणि खांदे, मग खाली निमुळता होत जाणारा एकच फटका. उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकंच डोकं ठेवा. डोकं मोठं झालं की मोठा माणूस लहान मूल दिसतो. पाय दोन सारखे काढू नका, एक लांब, एक आखूड, म्हणजे तो चालतो. पायांतून लगेच सावली रस्त्यावर ओढा, ओली असतानाच, म्हणजे माणूस जमिनीला टेकतो. माणसं एकेकटी पेरू नका. तीन-चारांचा घोळका, त्यापासून सुटलेलं एक. साडीचा काठ, टोपी, डोक्यावरची टोपली अशा जागी कागदाचा पांढरा आधीच राखलेला असेल तर गॉशची गरजच पडत नाही.

दुचाक्यांची रांग हा एक गडद पट्टा. वर आरशांचे आणि सीटवरच्या चमकेचे चार-पाच कोरडे ठिपके, खाली चाकांचे दोन अर्धगोल. त्याहून जास्त काढलं की त्या घरापेक्षा महत्त्वाच्या होतात.

जांभा_आणि_चुना

पावसातली गल्ली काढणाऱ्यांसाठी. ओल्या रस्त्यावरचं प्रतिबिंब नेहमी वस्तूच्या सरळ खाली उतरतं, सावलीसारखं तिरकं जात नाही. गडद वस्तूचं प्रतिबिंब थोडं फिकट, फिकट वस्तूचं थोडं गडद. रस्त्याचा थर ओला असतानाच एक इंची चपटा ब्रश उभा खाली ओढा, मग जवळजवळ सुकल्यावर दोन-तीन आडव्या कोरड्या रेघा. त्या आडव्या रेघांनीच रस्ता जमिनीवर आडवा पडतो. तांबड्या मातीचं पाणी साचलेलं असेल तर प्रतिबिंबात थोडा लाइट रेड.

जुलैत कागदाची काळजी वेगळी. मार्चमध्ये दहा मिनिटांत सुकणारा थर अर्धा तास घेतो, म्हणून पाणी निम्मं करा आणि पहिल्याच थरात रंग दाट ठेवा. दमटपणात वर्षभर पडलेल्या कागदाचं सायझिंग (रंग पटकन आत शोषू न देणारा लेप) जातं. मग रंग टिपकागदासारखा आत शोषला जातो आणि मधे मधे गडद ठिपके उमटतात. चित्र सुरू करण्याआधी प्रत्येक शीटच्या समासात एक वॉश देऊन बघा. कागद सपाट, प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा.

किल्ल्याकडचा

गल्लीतून बाहेर पडून किल्ल्यातली कमल बस्ती काढणार असाल तर वरचं बरंच उलटं करावं लागतं. १२०४ सालचं, रट्टांच्या काळातलं हे जैन मंदिर गुळगुळीत काळ्या दगडाचं आहे. खांब कातल्यासारखे घडवलेले, म्हणून दगड काळा असूनही अंगावर आभाळ घेतो. नुसता न्यूट्रल टिंट (तयार करडा-काळा रंग) लावला की खांब कोळशाचा होतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कागदावरच मिसळू द्या, दाणे सुटले तर सुटू द्या. प्रत्येक खांबावर उजेडाकडे एक उभी पट्टी सेरुलियनच्या पातळ पाण्याची. खांबांच्या कंगोऱ्यांपैकी दोन-तीन नीट लंबगोल काढा. डोळ्याच्या पातळीला कंगोरा सरळ रेघ असतो, वर जाईल तसा तो वरच्या बाजूला फुगतो, खाली जाईल तसा खालच्या बाजूला. हे चुकलं की खांब वाकतो.

किल्ल्यात आणि कॅम्पात लष्करी हद्द आहे. बोर्ड मांडण्याआधी विचारून घ्या. फोटोलाही हेच लागू.

टिळकवाडी_स्केच

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं विचारते. सावलीचा थर फार गडद होऊन गल्लीचं तोंड बंद झालं असेल तर चित्र वाचवता येतं का?

कौलारू

बऱ्याचदा येतं. आधी पूर्ण सुकू द्या. मग अर्धा इंची चपटा ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवून टिपा, गल्लीच्या टोकाशी जिथे लांबची घरं आहेत तिथे तीन-चार वेळा हलकेच फिरवा आणि लगेच टिपकागद दाबा. घासू नका, कागदाचे तंतू उठतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाची सावली सुती कागदावरून बऱ्यापैकी उठते. त्यात थॅलो निळा घातला असेल तर डाग राहतो, तो उठत नाही. उठलेल्या जागी सेरुलियन आणि थोडा ऑकर पातळ करून द्या, म्हणजे टोकाला हवा येते आणि गल्ली पुन्हा आत जाते.

तेवढ्याने भागलं नाही तर जाड कागदाच्या दोन काटकोनी पट्ट्या करून चित्रावर सरकवत बघा. बहुतेक वेळा एक गॅलरी, तिच्याखालचा अंधार आणि त्यातून बाहेर पडणारी दोन माणसं एवढा तळहाताएवढा भाग चांगला जमलेला सापडतो. तेवढा कापून वेगळा ठेवा आणि त्यातले ब्रशचे फटके मोजा. पुढच्या शीटवर अख्खं घर तेवढ्याच फटक्यांत बसवायचा प्रयत्न करा.